कॅनडाला पाठवणी

माझी पाठवणी आयुष्यात एकदाच झाली, आणि ती लग्नात नाही. लग्न पुढे तिकडेच झालं, रजिस्टर पद्धतीनं, जेवणाच्या सुट्टीत आटोपावं तसं. पाठवणी झाली ती त्याच्या कितीतरी आधी, रायपूरच्या चौबे कॉलोनीतून, कॅनडातल्या एका युनिव्हर्सिटीकडे. आईनं ओटी भरली, शेजारच्या काकूंनी डोळे पुसले आणि बाबा उगाचच ऑटोवाल्याशी वाद घालत फाटकाबाहेर उभे राहिले.

राज्य तेव्हा नवं होतं. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं, आणि आपण राजधानी आहोत हे शहराला स्वतःलाच नीट पटत नव्हतं. म्हणून जो तो ते पाटीवर लिहून घेत होता. मिठाईवाला राजधानी, सायकलवाला राजधानी, आमच्या कोपऱ्यावरचा केस कापणाराही राजधानी. बाबा रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आजोबांच्या काळात आम्ही वर्ध्याकडून इथं आलो ते इथलेच झालो. घरात आई-बाबा त्यांच्या नागपुरी मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

कॅनडाचं वेड माझ्या डोक्यात घातलं आमच्या फिजिक्सच्या मॅडमनी. तिकडची एक मोठी युनिव्हर्सिटी परदेशी मुलांना पूर्ण स्कॉलरशिप देते, मात्र जगभरातून मूठभरच मुलं घेते, आणि एका शाळेतून एकच नाव पाठवता येतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. शाळेतून माझं नाव गेलं. इंग्रजीची परीक्षा मी नागपूरला मामाकडे राहून दिली. बाकीचं सगळं बूढ़ापाऱ्यातल्या एका सायबर कॅफेत झालं. तिथं पंखा लागला की मॉनिटर लुकलुकायचा, म्हणून कॅफेवाला भैया पंखाच बंद करायचा आणि आम्ही बापलेक घाम पुसत कॅनडाच्या थंडीची माहिती वाचायचो.

अर्जात एक निबंध होता: तुमच्या आयुष्यातल्या एका अपयशाबद्दल लिहा.

बाबा उखडलेच. "काहून? त्यायले नापास पोट्टी पाह्यजे काय?"

"बाबा, सब को लिखना पड़ता है," मी म्हटलं.

"मंग आपण काय लिहायचं? आपण कधी नापास झालो?"

मी गणपतीतल्या कार्यक्रमाबद्दल लिहिलं. गाणं म्हणायला उभी राहिले, दुसरं कडवं विसरले आणि सगळ्यांसमोर स्टेजवरून उतरून थेट घरी पळाले. मला वाटतं, चांगलं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं आणि शेवटी पेन्सिलीनं एक वाक्य जोडलं: पुढच्या वर्षी याच मुलीनं पहिला नंबर पटकावला. पुढच्या वर्षी मी गाण्यात भागच घेतला नव्हता. पण वाक्य राहिलं. आमच्या घरात अपयश चालायचं, फक्त पुढच्या वर्षी पहिला नंबर आलेलं. याचं मला तेव्हा फक्त हसू आलं होतं.

प्रवेश मिळाल्याची मेल त्याच कॅफेत वाचली. बाबा खुर्चीमागे उभे होते. त्यांनी मला ती पुन्हा वाचायला लावली, मग भैयाला वाचायला लावली, आणि भैया "हव, हव, हो गया" म्हणाल्यावरच त्यांचा विश्वास बसला. मग काय विचारता! प्रिंट काढून तिला लॅमिनेशन झालं. कॉलोनीत पेढे गेले. हिंदी पेपरात फोटो आला, वर मथळा: राजधानी की बेटी चली कनाडा. एका सत्कारात मला शाल मिळाली आणि मंत्रीजींनी भाषणात मला अमेरिकेला पाठवून दिलं. बाबा पहिल्या रांगेत बसून त्यालाही मान डोलावत होते. त्यांना एवढं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

गोंधळ झाला तो निघायच्या दिवशी. खरं तर तेव्हा कुणालाच तो गोंधळ वाटला नाही. आमच्याकडे मुलगी घर सोडून जाते तेव्हा काय करायचं याची एकच पद्धत होती. मुलगा शिकायला गेला की दह्याची कवडी हातावर ठेवतात, पाया पडायला लावतात आणि म्हणतात, सुट्टीत ये. मुलगी शिकायला एवढ्या लांब एकटी गेल्याचं आमच्या खानदानात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे आईनं तिला जे येत होतं तेच केलं. पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण घातला.

काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, लग्न झालेल्या बाईची भरतात ना ओटी. ही तर पोर आहे."

"घर सोडून जाऊन राहिली ना?" आई म्हणाली. "मंग झालं तर."

आणि मग तिनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "आता तेच तुहं घर. तिथली कुरकुर इथी सांगजो नको. काही झालं तरी निभावून न्यायचं. मी नेलं ना?"

तिनं नेलंच होतं. आर्वीहून लग्न होऊन ती रायपूरला आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती आणि सासूबाईंचा जाच असा होता की तिचं जेवणसुद्धा मोजून वाढलं जायचं. माहेरी तिनं एका शब्दानं कळवलं नाही. आर्वीच्या आजीला हे समजलं ते फार उशिरा, तेही तिऱ्हाइताकडून. आईला या गोष्टीचा केवढा अभिमान! आपला संसार टिकला तो आपण गप्प राहिलो म्हणून, असं ती मनापासून मानायची. जाताना मुलीला तिनं जवळचं सगळ्यात मोलाचं काय ते दिलं. तिच्यावर रागवावं तरी कसं? तरीपण मी रागावते. आज एवढी वर्षं झाली तरी ओटीतल्या त्या तांदळांचा मला राग येतो.

तिकडे पोचल्यावर पहिल्या परीक्षेतच माझी पाटी कोरी निघाली. रायपुरात मी एकटी हुशार होते. तिथं वर्गातला प्रत्येक जण आपापल्या गावाची राजधानी होता. गणिताच्या पेपरात मला निम्म्याहून कमी मार्क पडले. शेजारचा मुलगा आपला पेपर घेऊन सरळ प्रोफेसरकडे गेला आणि म्हणाला, मला हे अजिबात कळलेलं नाही. अगदी सहज, पाणी मागावं तसं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. प्रोफेसरांच्या दाराबाहेर पाटी होती, अमुक वारी अमुक वेळेला या आणि शंका विचारा. त्या दारापर्यंत मी कितीदा गेले आणि पाणी पिऊन परत आले. जाऊन सांगायचं म्हणजे कुरकुर. निभावून न्यायचं ठरलं होतं ना!

रविवारी घरी फोन व्हायचा. बाबा विचारायचे, "जेवली काय? थंडी किती आहे?" मग फोन आईकडे.

"सगळं बरं ना, बाई?"

"सगळं बरं."

"राहून राहिली ना नीट?"

"हो ना."

फोन ठेवला की मी होस्टेलच्या कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसायचे. तिथं मशीनचा आवाज असायचा, त्यामुळे रडलं तरी कुणाला ऐकू जात नसे. बाहेर बर्फ. मला बर्फाचं काहीच वाटलं नाही. लोकांना वाटतं, थंडीनं माणूस खचतं. मी खचले ते रविवारच्या त्या दोन शब्दांनी. दर वेळी ते उच्चारले की पुढच्या रविवारी खरं सांगणं आणखी अवघड व्हायचं.

इकडे माझा डंका वाजत होता. कॉलोनीतली मुलं बाबांकडे अर्ज दाखवायला येत. बाबा चष्मा लावून त्यांच्या निबंधात वाक्यं जोडून देत असणार. फोनवर ते सांगायचे, "तो खालच्या गल्लीतला पोट्टा आहे ना, तो बी म्हणून राहिला, दीदीसारखं जायचं." मी म्हणायचे, वा.

स्कॉलरशिप टिकवायला ठराविक मार्क लागायचे. पहिल्या वर्षी एक संधी मिळाली, दुसऱ्या वर्षी नाही. ज्या जागेसाठी जगभरातली मुलं धडपडतात ती माझ्या हातून गेली. कळलं त्या दिवशी मी रायपूरला फोन करायला म्हणून कॉलिंग कार्ड खरडलं, नंबर फिरवला, आणि आईचा "हॅलो" ऐकताच म्हणाले, "सहजच केला." त्यानंतर मी एका छोट्या गावातल्या कॉलेजात गेले, पहाटे एका बेकरीत पाव भाजायचे आणि दिवसा हिशेबनिशीचा डिप्लोमा करायचे. घरी सांगितलं, कॅम्पस बदललं. कॅम्पस म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं. लवकर मी घरी आलेच नाही. सुट्टीत काम असतं, असं सांगत राहिले. खरं म्हणजे कॉलोनीत त्या लॅमिनेशनसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

तसं माझं वाईट झालं नाही. एका बऱ्यापैकी ऑफिसात नोकरी आहे, घर आहे, नवरा भला आहे. कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त झाल्याची ही गोष्ट नाही. पण जी मुलगी त्या कॅफेत घाम पुसत फिजिक्सची स्वप्नं बघत होती तिची मला फार कीव येते. थोडी मदत मिळाली असती तर ती तरली असती, असं मला अजून वाटतं. ती इतकी काही ढ नव्हती.

बाबा गेले तेव्हा मी येऊन गेले, पण काही बोलले नाही. ते मी मोठ्या युनिव्हर्सिटीतून पास झालेय हे मानूनच गेले. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी राहिलं.

आईला सांगितलं ते गेल्या हिवाळ्यात. दुपारी अंगणात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. तेलीबांध्याच्या तलावाला आता केवढे दिवे लावलेत, कुणाकुणाची मुलं नव्या रायपुरात राहायला गेली, असं काहीबाही ती सांगत होती. मधेच मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. गणिताचा पेपर, गेलेली स्कॉलरशिप, बेकरी, सगळं. सांगताना मी मराठीत बोलत होते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आईचा हात थांबला नाही. "मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"काय झालं ते नाही. पण तू रडून राहिली हे माहीत होतं. आवाज काय लपते? तुह्या बाबाले सांगितलं मी, पहिल्याच वर्षी. म्हटलं, पोट्टी सुखात नाही."

"मग?"

"मंग काय. ओटी भरून पाठवलेली पोरगी स्वतःहून माहेरी येत नाही, बाई. बापानं नाही तर भावानं जाऊन आणा लागते. तुले भाऊ नाही. ते म्हणाले, मी जातो. चुपचाप पासपोर्ट काढून आले. ऑफिसात कोणाले तरी पुसलं, तिथं विमानतळावर अडवलं तर काय सांगायचं. त्यानं एक वाक्य शिकवलं. रोज दाढी करता करता आरशात पाहून म्हणायचे."

"कुठलं वाक्य?"

आईला इंग्रजी येत नाही. दुकानाची पाटीसुद्धा ती हिंदीतलीच वाचते. तिनं शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि कुठंही न अडखळता म्हणाली, "सर, आय हॅव कम टू टेक माय डॉटर होम."

 मी विचारलं, "मग आले काहून नाही?"

"दर रविवारी फोन ठेवला की मले पुसायचे, बोलावून राहिली काय? मी म्हणायची, नाही. सगळं बरं म्हणते." आईनं पदरानं डोळे टिपले. "सुखी आहो म्हणणाऱ्या पोरीले घेऊन यायले बाप कसा जाईल?"