चिंचेनं घासलेल्या गोळ्या

लग्न होऊन मला सहा महिने झाले होते आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सातवी पास होते, तळेगावची होते आणि भांडी अशी घासायचे की त्यांत तोंड बघून कुंकू लावावं. या शेवटच्या गुणाचं माहेरी इतकं कौतुक झालं होतं, की घासल्यानं बिघडणारी वस्तूही जगात असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. चिंचवडजवळ मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड. पुढे ह्यांचं गॅरेज, मागे दोन पत्र्यांच्या आडोशाला माझी चूल. सासूबाई चाकणकडच्या, त्याही आमच्यातच असायच्या. गॅरेजात आठवड्याला एखादा ट्रक आला तर आला. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर शेड बंद करायची, ह्यांनी मुंबईला कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायचं आणि आम्ही दोघींनी चाकणला परतायचं, असं ठरलं होतं.

अशात पिंपरीच्या एका कारखान्यातल्या परदेशी साहेबाची गाडी आमच्याकडे आली. अमेरिकन गाडी, शेडच्या बाहेर हातभर उरेल एवढी लांब. तिला पॉवर स्टिअरिंग होतं. म्हणजे चाक आपण नुसतं वळवायचं, बाकीचा जोर आतलं तेल लावतं. ते चाक मध्येच अडकायचं. पुण्यात दोघांनी हात वर केले होते. साहेब ह्यांना म्हणाला, दसऱ्याला दुपारी मी येतो, तोवर हे नीट झालं तर कारखान्याच्या गाड्याही तुमच्याकडे पाठवतो.

ह्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक चित्रांवरून लावलं, स्टिअरिंगचा डबा उतरवून उकलला, सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले आणि स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडले. मग खंडेनवमीच्या सकाळी, तेल गळू नये म्हणून बसवायचं नवं सील आणायला पुण्याला गेले. जाताना मला म्हणाले, "हत्यारांची पूजा करून ठेव."

मी हत्यारं घासली. पाने, हातोडे, पक्कड, पोलादी पट्ट्या, सगळं लखलखलं आणि पूजेत मांडलं. मग माझी नजर त्या फडक्यावर गेली. एका वाटीत चोवीस पोलादी गोळ्या होत्या, हरभऱ्याएवढ्या. बारा चकचकीत आणि बारा काळ्याकुट्ट. मला नवऱ्याची कीव आली. बिचाऱ्यानं निम्म्या घासल्या आणि कंटाळला, असं वाटलं. मी चिंच कोळली, राख घेतली आणि बाराच्या बारा काळ्या गोळ्या पांढऱ्याशुभ्र करून टाकल्या. पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून सगळ्या एकाच वाटीत ठेवल्या. वर झेंडूचं फूल. मला वाटलं, आता हे आले की चकित होतील.

तसे ते झालेच.

वाटीकडे बघून ते मटकन खाली बसले. रागावले नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. काळ्या गोळ्या चकचकीत गोळ्यांपेक्षा केसाच्या काही हिश्शांनी लहान असतात, हे मला तेव्हा कळलं. डब्यात त्या एक मोठी, एक लहान अशाच बसवायच्या, तरच चाक मोकळं फिरतं. काळा रंग होता तो नुसता ओळखण्यासाठी. चिंचेनं तो गेला आणि आता चोवीस बहिणी एका तोंडवळ्याच्या झाल्या होत्या. मी म्हटलं, हातानं चाचपून बघू का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पदर डोळ्यांना लावला. त्या वयात मला रडू वेळेवर यायचं.

सासूबाई कोपऱ्यात सुपात बाजरी पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, "लहानमोठ्या हायेत ना? मग चाळा की."

"आई, एवढ्या बारीक फरकाची चाळण नसते," हे म्हणाले. म्हणाले खरे, पण पूजेतल्या दोन पोलादी पट्ट्यांकडे बघता बघता त्यांना तशा चाळणीची युक्ती सुचली. त्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मधे फट सोडायची, फट एका टोकाला किंचित रुंद करायची आणि वरून गोळी घरंगळत सोडायची. लहान गोळी आधी खाली पडेल, मोठी पुढे जाऊन पडेल. पण पुजलेली हत्यारं दसऱ्याच्या उत्तरपूजेआधी हलवायची नाहीत, आणि दसऱ्याला दुपारी तर साहेब येणार होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाई अंघोळ करून हत्यारांपुढे बसल्या. एरवी उत्तरपूजा सोनं लुटून आल्यावर व्हायची. त्यांनी अक्षता टाकल्या आणि पट्ट्या स्वतःच्या हातानं उचलून लेकाला दिल्या. "हलीवली म्या पूजा. देव मला इचारंल, तुमाला न्हाई."

फट रुंद करायला ह्यांनी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद एका टोकाला घडी करून सारला. एकेक गोळी कोरडी पुसून मी तीनदा सोडायची, कुठे पडते ते बघायचं आणि ज्या त्या वाटीत टाकायची. पहिल्यांदा सोळा आणि आठ झाल्या. चांदीची घडी बदलली. मग तेरा मोठ्या, अकरा लहान. मी मोठ्या पुन्हा एकेक तपासल्या. एक गोळी पुन्हा पुसली, तिला बोटाचं तेल लागलं होतं. ती लहानांत पडली. बारा आणि बारा.

ग्रीस लावून एक लहान, एक मोठी अशा मीच त्यांच्या हातात देत गेले. डबा मिटला, गाडीत बसला, तेल भरलं. मग शेवटचा स्क्रू. तो जास्त आवळला तर चाक वळवल्यावर परत येत नाही, सैल राहिला तर डुलतं. चाकाला ताणकाट्याचा, म्हणजे ओढीचा जोर दाखवणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याचा, आकडा अडकवून मी ओढायची आणि काटा कुठे थांबतो ते सांगायचं. ते खालून स्क्रू जरासा फिरवायचे. मी दर वेळी "आता बरोबर" म्हणत होते आणि ते दर वेळी "खरं सांग" म्हणत होते. चौथ्यांदा मी खरं सांगितलं.

साहेब आला. गोळ्यांचं काही बोलू नका असं मी ह्यांना दोनदा विनवलं होतं. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, चिंचेची खूण करून सगळं सांगितलं. मी दाराआड. साहेब हसला नाही. त्यानं त्या दोन पट्ट्या मागून घेतल्या, डोळ्यासमोर धरून फट बघितली, मग गाडी काढून निगडीच्या बाजूला गेला. अर्धा तास झाला तरी येईना. सासूबाई म्हणाल्या, "गेला वाटतं गाडी घिऊन." गाडी त्याचीच होती याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही.

परत आल्यावर त्यानं शेडसमोर चाक पूर्ण वळवलं आणि हात सोडून दिले. चाक आपसूक, सावकाश सरळ झालं. त्यानं ह्यांच्याशी हात मिळवला आणि "मंडे" म्हणाला. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

सोमवारी कारखान्याचा ट्रक आला. तो शेडमध्ये मावेना. मागचे दोन पत्रे काढावे लागले आणि ते माझ्या स्वयंपाकघराचे होते. दिवाळीपर्यंत मी मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या देखत भाकऱ्या थापल्या, आणि त्याही ऐटीत.