दलाल ठरवलेले चिपमामा

चिपमामांच्या हातात नवा मायक्रोप्रोसेसर ठेवला, की ते त्याचा वेग कधीच विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "ही चिप बिघडली तर इकडं शिरूर-दौंडात कोण बघंल?" शिरूरच्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कंपन्यांची माणसं ऐटीत येत आणि या एका प्रश्नापाशी अडून, चहा पिऊन परत जात.

सणसवाडीला कारखान्यात असताना मामांचा एका चिपवर फार जीव जडला होता. तिच्या सगळ्या आज्ञा त्यांना तोंडपाठ. "त्या टायमाला तिच्याइतकी हुशार दुसरी न्हवती रं," ते सांगत. "पर कंपनीनं चिप काढली आन् पुस्तक काढायला इसरली. शिकायचं कशावर? तवर दुसऱ्या कंपनीनं कॉलेजाकॉलेजात शिकायचे किट वाटले. पोरं त्याच्यावरच शिकली, प्रोग्रॅम त्याच्यावरच लिहिले. मग लिहिलेलं सगळं टाकून हिच्याकडं कोण येतंय?" एवढं बोलून ते तारा जोडायची सोल्डरगन उगीचच पुसत बसत.

हे सगळं मी त्यांच्याच चहाचा घोट घेत ऐकलेलं आहे. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

केडगावजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेच्या, दूध मोजून चिठ्ठी देणाऱ्या संकलन यंत्राची देखभाल मामा करत. नवं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा एका नव्या कंपनीनं देशी प्रोसेसरचं यंत्र आणून दाखवलं. मामा म्हणाले, "चिप झकास हाय. पर आपल्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम हिच्यावर चालत न्हाई, तो नव्यानं लिहावा लागंल. कंपनी दोन वर्सं टिकू द्या, मग बघू." देशी मालाला विरोध? मी गावचा पुढारी, माझं डोकं फिरलं. पत्रक काढलं: 'परदेशी चिपचा दलाल कोण? शेतकऱ्यांनो, जाब विचारा!' नाव छापलं नाही. गरजच नव्हती, चिपमधलं कळणारा माणूस गावात येणारा एकच. यंत्राच्या पोटात काय असतं, हे मी स्वतः कधी वाकून पाहिलंही नव्हतं. सभेत पत्रक हातोहात फिरलं, हात वर झाले, नवं यंत्र आलं आणि मामांचं काम गेलं.

काही महिन्यांत यंत्रानं वजन घेणं बंद केलं. प्रोग्रॅम दुरुस्त करणारं कुणी सापडेना. कंपनीनं ती चिपच बंद केली होती. सकाळची वेळ, बाया किटल्या घेऊन रांगेत, दूध नासायच्या बेतात. मी मामांना फोन लावला. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे स्कूटर दामटत ते आले. अडगळीतलं जुनं यंत्र पुसून त्यांनी चालू केलं. पहिली चिठ्ठी छापून आली तशी एक आजी म्हणाली, "आरं, ह्यो तर त्यो दलाल न्हवं का?"

"व्हय आजी, त्योच," मामा हसून म्हणाले. "किटली आना पुढं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. म्हणालो, "मामा, पुढच्या सभेत उभा राहून चूक कबूल करतो. तुमचं काम तुम्हाला परत द्यायला लावतो."

"बघ बाबा," ते म्हणाले. पण सभेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. सभासद नव्हते, म्हणून बाहेर खिडकीशी थांबले.

मी उठलो. चेअरमन म्हणाले, "बसा पुढारी, झाला की तुमचा चिपचा तमाशा!" लोक हसले. एरवी भर सभेत माइक हिसकावून घेणारा मी, खाली बसलो. देखभाल दुसऱ्या कुणाला द्यायचा ठराव आला. 'मंजूर, मंजूर' झालं. त्यात सवयीनं माझाही आवाज होता.

बाहेर आलो तर मामा स्कूटरला किक मारत होते.

"मामा, मी..."

"ऱ्हाऊ दे. पुन्हा यंत्र अडलं तर फोन कर मातर. बाया खोळंबत्यात."

पुढे दुकान बंद करून ते मुलीकडे नाशिकला गेले. त्यानंतर यंत्र दोनदा अडलं. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. तो लावायला तोंड नाही.