बिल्ला आवडाबाईच्या नावाचा

ठाण्याच्या रस्त्याला डावं-उजवं नव्हतं, त्या काळी आवडाबाई नवऱ्याच्या गाडीत पहिल्यांदा चढली. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी. समोरून गाडी दिसली की दोघे गाडीवान लांबूनच हाळी द्यायचे, कुठल्या गावचे, काय भरलंय ते विचारून घ्यायचे, आणि ज्याचे बैल गरीब तो आपली गाडी खाली उतरवून वाट द्यायचा. कधी कधी तर दोघेही उतरवायचे आणि रस्ता मोकळाच राहायचा. मग तंबाखू निघायची. पुढं म्हातारपणी हे आठवलं की आवडाबाई एकटीच गालात हसायची.

तिचा नवरा भिवा बाळकुमचा. घरची एक गाडी, पुढं घेतलेले मोऱ्या आणि खैऱ्या हे दोन तरणे बैल, आणि खाडीकाठच्या मिठागरातलं मीठ ठाण्याच्या स्टेशनावर पोचवायचं काम. आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती, पण बैल अजून तिच्या शिट्टीला कान टवकारायचे. भिवा मात्र नुसता "हं" म्हणायचा आणि दोघे शांत व्हायचे. त्याच्या हातात जादू आहे असं गावात म्हणत. कासरा कधी ताणलेला दिसायचा नाही.

भिवाने चाळिशी ओलांडली आणि त्याच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. जन्म उन्हात गेला, समोर मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी; ती चकाकी डोळ्यांत उतरली असं वैद्य म्हणाला आणि त्याने हात टेकले. आधी भिवाला बैलांची शिंगं दिसेनाशी झाली, मग बैल. त्यानं कुणाला सांगितलं नाही. आवडाबाईला न सांगताच कळलं. एके दिवशी तो गाडी जुंपून बसला, तशी ती पदर खोचून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तू कला येतंस?" ती कशाला येतेय ते त्याला कळेना.

"स्टेशनावर मना काम हाय," ती म्हणाली.

तिला काही काम नव्हतं. पण त्या दिवसापासून ती रोज शेजारी बसू लागली. कासरा त्याच्या हातात, नजर तिची. "गाय आडवी हाय." "खड्डा आला, उजवं घ्या." ती इतकं हळू बोलायची की शेजारून जाणाऱ्याला वाटावं, नवराबायको गुजगोष्टी करताहेत. लोक थट्टा करायचे, "भिवा, बायको सोडवत नाय रं तुला!" भिवा हसायचा. अशी दोन वर्षं निघाली. आवडाबाईच्या मनाला विचाराल तर संसारातली तीच दोन वर्षं सगळ्यांत गोड. पोटची पोर गोदा लग्न होऊन विठ्ठलवाडीला गेली होती, घरात दोघंच. सकाळच्या गारव्यात माजिवड्याची झाडी, खाडीवरून येणारा खारा वारा, आणि खांद्याला खांदा लावून बसलेला नवरा.

मग दवंडी पिटली गेली. रस्त्यावर गाड्या फार झाल्या होत्या. स्टेशनाबाहेर टांगे, बाजारात गवताच्या, लाकडांच्या, मिठाच्या गाड्या, त्यात बड्या लोकांच्या घोडागाड्या. म्हणून नवे नियम निघाले. गाडी डाव्या अंगाने हाकावी. बाजारात पळवू नये. दिवेलागणीनंतर कंदील लावावा. शिपायाने हात वर केला की थांबावं. आणि प्रत्येक गाडीवानाने कचेरीत येऊन परीक्षा द्यावी, पितळेचा नंबरी बिल्ला घ्यावा. बिल्ल्याविना गाडी हाकेल त्याची गाडी बंद.

नौपाड्यात राहणारे हरिहरपंत हे कचेरीतले कारकून. हे नियम मराठीत त्यांनीच उतरवले होते. तळ्याच्या पाळीवर सगळ्या गाडीवानांना बसवून त्यांनी ते वाचून दाखवले. त्यांचं ते शुद्ध मराठी निम्म्यांच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा पंतांनी स्वतः उठून, धोतराचा सोगा हातात धरून, डाव्या बाजूने चालून दाखवलं. सगळे खो खो हसले. पंतही हसले.

परीक्षेच्या दिवशी भिवाची पाळी आली. आवडाबाई नेहमीसारखी शेजारी बसली होती. परीक्षा घेणारा तपासनीस मागून गाडीत चढला आणि म्हणाला, "बाईला उतरव. परीक्षा गाडीवानाची आहे."

आवडाबाई जागची हलली नाही. ती भिवाच्या कानाशी पुटपुटली, "नको, सांगून टाकू." भिवाने तिचा हात दाबला. "उतर. रस्ता मना पाठ हाय."

आणि खरंच त्याला रस्ता पाठ होता. कोपिनेश्वराच्या देवळाची घंटा, तिच्यापुढं भडभुंज्याच्या भट्टीचा वास, मग लोहाराची ऐरण, मग स्टेशनाच्या उताराला बैलांची बदलणारी चाल. तपासनीस मागं पोत्याला टेकून बसला होता; त्याला फक्त भिवाची पाठ दिसत होती. गाडी डाव्या अंगाने गेली, डाव्या अंगाने परत आली. शिपाई हात वर करून "ए, ठैर!" ओरडला, तशी जागच्या जागी थांबली. तळ्याच्या पाळीवर उभी राहून आवडाबाई जितके देव आठवले तितक्यांना नवस बोलून मोकळी झाली. पंतांनी नाव लिहून घेतलं आणि बिल्ला भिवाच्या हातावर ठेवला. त्याने त्यावरचे आकडे बोटांनी चाचपले. बाळकुमला जाईपर्यंत तो गात होता.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टेशनाशी रिकामी होत होती तेव्हा भाजी विकणाऱ्या सखुबाईने आवडाबाईला खूण करून बाजूला बोलावलं. सखुबाई रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसायची, वर्षानुवर्षं त्याच जागी. तिने आपली पाटी दाखवली. एका बाजूचा बांबू पिचला होता.

"काल तुझ्या घोवाचं चाक गेलं हिच्यावरून. मी पाय आखडला म्हनून वाचला. पैलं गाऱ्या मधून जायच्या गं, आता कडेनं येतात. आमी कडेलाच बसतो." ती थोडं थांबली. "पन त्याचं मना नाय काय. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाय. मी समोर, आन् त्याची नजर देवलाच्या कलसावर. आवडे, भिवाला दिसत नाय ना?"

आवडाबाई खाली बसून पिचलेला बांबू नीट करू लागली. सखुबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी कुनाला सांगनार नाय," ती म्हणाली. तेच आवडाबाईला जास्त लागलं.

घरी आल्यावर तिने भिवाला सगळं सांगितलं.

"पाय वाचला ना तिचा?"

"वाचला."

"मग झालं तर. तू शेजारी नव्हतीस म्हनून झालं. रोज तू असतेसच."

"आन् एखाद्या दिवशी मी ताप येऊन परले तं? तुमी घरी थोरेच बसनार हाव? बिल्ला हाय म्हनत जाल." ती त्याच्यापुढं येऊन बसली. "लोक आता बिल्ला बघून निर्धास्त कडेला बसतील. याला दिसतं, असंच त्यांना वाटल."

भिवाने कमरेचा बिल्ला सोडला आणि तिच्यासमोर टाकला. "जा, दे नेऊन. मी नाय येत." एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी आवडाबाईने स्वतः बैल जुंपले. एकटीने गाडी हाकायची तिची ती पहिलीच वेळ. मोऱ्या-खैऱ्या दारातून हलेनात. मागं वळून वळून भिवाला शोधायला लागले. तिने दोघांच्या मानेवरून हात फिरवला, "हं" म्हणाली, अगदी त्याच्यासारखं. बैल निघाले. माजिवड्यापर्यंत तिला रडू आवरलं नाही, पण गाडी डावी बाजू सोडून हलली नाही.

कचेरीत तिने बिल्ला हरिहरपंतांच्या मेजावर ठेवला. "पंत, हा परत घ्या. त्यांना दिसत नाय."

पंतांचा टाक हातातच राहिला. "काय सांगतेस? परवा तर…"

"परवा वास घेत गेले. आवाजावर गेले." तिने सखुबाईच्या पाटीचं सांगितलं, दोन वर्षांचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

पंतांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याविना त्यांना स्वतःलाही हातभर पलीकडचं दिसत नसे. "मी नाव विचारलं, गाव विचारलं," ते हळूच म्हणाले. "डोळे बघायचं सुचलं नाही मला." मग भानावर येऊन म्हणाले, "बाई, पण बिल्ला परत घेतला तर तुमची गाडी बंद होईल. खाल काय?"

"बंद कला होईल? मी हाकते की."

शेजारचे दोघे कारकून फिदीफिदी हसले. आतून तपासनीस आला, त्यानेही ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बायका गाड्या हाकायला लागल्या तर पुरुषांनी चूल फुंकावी काय? पंत, लावा तिला वाटेला."

हरिहरपंत भिडस्त माणूस. वरिष्ठांपुढे त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. "साहेब," ते म्हणाले, "ती बाळकुमाहून गाडी हाकतच आली आहे. भरलेली गाडी. बाहेर उभी आहे, डाव्या अंगाला."

तपासनीसाने खिडकीतून पाहिलं. गाडी खरोखरच नीट कडेला उभी होती, चाकाला दगड लावलेला. तो काही वेळ मिशी चावत राहिला आणि म्हणाला, "चल, बघू तरी."

बाजारात बातमी आधीच पोचली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली. कुणी शिट्टी घातली, कुणी "बाई आली, पळा!" म्हणून ओरडलं. आवडाबाईने पदर घट्ट खोचला होता. तिला फक्त बैलांचे कान आणि रस्ता दिसत होता. स्टेशनाच्या उतारावर मात्र तिने गाडी एकदम उभी केली.

"का थांबलीस? शिपायानं हात केलेला नाही," तपासनीस मागून खेकसला.

"म्हातारीला पाटी उचलू द्या," आवडाबाई म्हणाली.

सखुबाई गुडघ्यावर हात देत सावकाश उठली, पाटी आत ओढली, पाय आत घेतला. मागं दोन टांगे खोळंबले. सगळा बाजार थांबून राहिला. मग आवडाबाई "हं" म्हणाली आणि गाडी चालू झाली. कचेरीपाशी उतरताना तपासनीस एवढंच म्हणाला, "द्या तिला बिल्ला."

पंतांनी वळणदार अक्षरात लिहिलं : आवडाबाई कोम भिवा, राहणार बाळकूम. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि कोम म्हणजे बायको, हेही सांगितलं.

भिवा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. बैलांना वैरण घालायचा, त्यांच्याशी बोलायचा, ते मात्र तिला ऐकू जाईल असं. नवव्या दिवशी ती गाडी जुंपून निघाली तर तो आधीच मिठाच्या पोत्यांवर चढून बसला होता. माजिवड्याशी भिवा मागून म्हणाला, "घोरा येतंय. दोन घोऱ्यांची गारी. डावं घे." तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने बैल डावीकडे घेतले आणि थोड्या वेळाने खरंच एक घोडागाडी धूळ उडवत पुढं निघून गेली. दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता तिला पुन्हा रडू फुटलं.

पुढं अकरा वर्षं त्यांनी अशीच गाडी चालवली. हरिहरपंतांची कल्याणला बदली झाली तेव्हा स्टेशनावर जायला त्यांनी टांगा केला नाही. ट्रंक, वळकटी आणि बायकोसकट ते आवडाबाईच्या गाडीत बसले. बाजारात लोकांनी रामराम घातले आणि भिडस्त पंत लाजून चूर झाले.

मोऱ्या आधी गेला, मग भिवा. त्यानंतर आवडाबाईने गाडी विकली आणि खैऱ्याला घेऊन लेकीकडे विठ्ठलवाडीला आली. खैऱ्या म्हातारा झाला होता, त्याच्याकडून कुणी काम करून घेत नव्हतं. संध्याकाळी ती त्याला घेऊन रुळांपलीकडच्या माळावर जाई. आगगाडी धडधडत जायची. खैऱ्या कान टवकारायचा. आवडाबाई त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची आणि त्याला बाळकुमच्या गोष्टी सांगायची. माजिवड्याची झाडी, खाडीचा वारा, लांबून हाळी देणारे गाडीवान. ऐकायला तिथं तो एकटाच होता, आणि त्याला ते सगळं ठाऊकच होतं.