मंडईची वाटणी

दुर्गेश बहेकार तिरोड्याच्या एका राइस मिलमध्ये पॉलिशरवर आहे. मुठीत तांदूळ घेऊन अंगठ्यानं चाळला की कणी किती पडून राहिली ते तो मशीन बंद न करता सांगतो, अन् मालकही त्याचं ऐकतो. मिलच्या मागच्या गल्लीत त्याची भाड्याची खोली. वय अठ्ठावीस. गाव कामठा. आई धुरपताबाई तिकडं शेती पाहते, अन् शेतीतून फुरसत मिळाली की पोराला फोन करते.

वैशाखात त्याचं लग्न झालं. बायको चंचल नर्स आहे, केशोरीकडच्या दवाखान्यात. गोंदिया जिल्ह्याच्या एका टोकाला तिरोडा, दुसऱ्या टोकाला केशोरी. लग्नानंतर पंधरा दिवस दोघं कामठ्याला राहिले, पण घर पाहुण्यांनी असं भरलेलं की नवरदेवाला छपरीत काकांच्या रांगेत झोपावं लागलं. मग ती केशोरीला गेली, हा तिरोड्याला आला. पावसाळ्यात तीनदा तो केशोरीला जाऊन आला. पण तिच्या क्वार्टरमध्ये दुसरी एक सिस्टर राहते, म्हणून सकाळी जायचं अन् दिवस बुडायच्या आत परतायचं. चंचलला सुट्टी मिळते ती एक ऐतवारची. बदलीचा अर्ज टाकला आहे. अर्ज अर्जाच्या जागी आहे.

दिवाळीनंतर सगळे ऐतवार आपलेच, असं दुर्गेशच्या मनात होतं. पण झाडीपट्टीत भाऊबीज झाली की मंडया लागतात, हे तो कसा विसरला कोण जाणे. आज या गावची मंडई, परवा त्या गावची. दिवसा दुकानं, झुले, जिलेबी. राती दंडार नाहीतर नाटक. हल्ली पोरं नोकरीवर गेली म्हणून पुष्कळ गावं शनिवार-ऐतवार पाहूनच मंडई धरतात. अन् मंडई म्हणजे नुसता बाजार नव्हे. ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याची मंडई कोरडी. बोलावलं अन् आला नाही, तर त्याचं नाव घरातल्या पुढच्या लग्नापर्यंत निघत राहतं. त्यात जोडपं नवं असलं म्हणजे मग विचारूच नका. नवी जोडी आपल्या घरी जेवली पाहिजे, हा सगळ्यांचाच हक्क.

पहिल्याच ऐतवारी दोन बोलावणी एकावर एक आली. इकडून आमगावजवळची सुमित्राबाई, दुर्गेशची आत्या. तिकडून देवरीकडचे हिरालाल, चंचलचे मामा. आत्याकडं जावं तर मामा रुसतील, मामाकडं जावं तर आत्या धुरपताबाईला फोन करून रडेल. दुर्गेशनं फोनवर डोकं धरलं. तोड चंचलनं काढली.

"तुमी माह्या मामाकडं जा. मी तुमच्या आत्याकडं जाईन. दोनी घरी एक-एक मानूस पोचला का बोलाची सोय नाही."

दुर्गेशला बायकोच्या हुशारीचं कौतुक वाटलं. माणूस फसतो तो अशाच हुशारीनं.

मामाकडं त्याला बाजेवर नवी चादर टाकून बसवलं. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, लाखोरीचे वडे, खीर. जो येई तो विचारी, जवाई एकलेच आले का. दुर्गेश सगळ्यांना समजावून सांगे की ती आमच्या आत्याकडं गेली आहे. हिरालाल मामानं ते दोनदा ऐकलं अन् तिसऱ्यांदा मिशीत हसले. "जवाई, वाटनी त भावाभावात होते. तुमी नवरा-बायकोनंच करून टाकली."

माणसं हसली. दुर्गेशही हसला. मग मामा भाचीच्या गोष्टी सांगू लागले. सात वर्षांची असताना बोडीत, गावच्या लहान तळ्यात, शिंगाडे काढायला उतरली अन् गळ्यापर्यंत गाळात गेली. बाहेर ओढली तर रडायचं सोडून मुठीतला शिंगाडा पाहत होती. ही गोष्ट दुर्गेशनं जपून ठेवली. देवरीहून गोंदियाला येणाऱ्या गाडीत तो तीच आठवून एकटा हसत होता, अन् शेजारचा माणूस त्याच्यापासून जरा सरकून बसला.

गोंदियाच्या ठेसनावर दोघांची गाठ पडली. ती आमगावकडून आली होती, केशोरीला जायला तिला अर्जुनीची गाडी धरायची होती, याला तिरोड्याची. मध्ये पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं हिशोब देण्यातच गेली. कोण कोण भेटलं, कोणी काय विचारलं, आत्यानं लुगडं दिलं ते कसं, मामीच्या हातात काही ठेवलं की नाही. शिंगाड्याची गोष्ट राहूनच गेली. चंचलची गाडी लागली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली की आत्याच्या गुडघ्याला सूज आहे, आईला सांगजा. गाडी गेल्यावर दुर्गेशनं आईला फोन करून गुडघ्याचं सांगितलं.

पुढं ती सवयच पडली. एखाद्या ऐतवारी एकच बोलावणं असलं तरी दोघं वाटून घेऊ लागले. एकानं मंडई करायची, दुसऱ्यानं राहिलेलं एखादं घर उरकायचं. पाच ऐतवारांत नऊ घरं झाली. सगळीकडं नाव झालं. धुरपताबाई फोनवर सांगे की सून गुणाची आहे, आत्याचे पाय चेपून दिले. तिकडं चंचलची आई म्हणे की जवाई पोटच्या पोरासारखा, स्वतः उठून पानी घेते. दुर्गेश आता चंचलच्या तीन मावश्यांना आवाजावरून ओळखतो. कोणती कोणावर रुसली आहे तेही त्याला ठाऊक आहे. झोपेत चंचल कोणत्या कुशीवर असते हे त्याला सांगता येणार नाही.

मार्गशीर्षाच्या मध्यावर मंडया सरल्या अन् एक ऐतवार मोकळा निघाला. चंचल तिरोड्याला खोलीवर यायला तयार झाली. ही खोली तिनं एकदाच पाहिली होती, तीही सामान टाकताना. दुर्गेशनं आठ दिवस आधीपासून तयारी केली. खोली झाडली, दुसरी उशी आणली, मिलचा मुकडदम टिकाराम याच्याकडून ताजे झिंगे मागवले. मिलमध्ये सांगून ठेवलं की ऐतवारी मला कोणत्याच कामाला हाक मारू नका. मनात एकच गोष्ट घोळत होती: आठ दिवसांची सुट्टी घे अन् इथं राहून जा, एवढं तिला म्हणायचं. फोनवर म्हणायची गोष्ट नव्हती ती. समोरासमोर बसून म्हणायची होती.

अकराच्या सुमारास ती आली. उंबऱ्याशी चपला काढल्या, पदर सारखा केला. दुर्गेशनं लोटाभर पाणी आणून दिलं. तिनं दोन घोट घेऊन लोटा परत केला अन् बाजेच्या काठावर बसली, पाय जुळवून, जशी कोणाच्याही घरी बसते तशी. मग पिशवीतून बिस्किटांचा मोठा पुडा काढून त्याच्या हातात दिला. दुर्गेशनं तो कोनाड्यात ठेवला. ठेवताना त्याला वाटलं, आपल्याच घरी येताना कोणी पुडा आणते का. पण पानी तरी आपण लोट्यातूनच दिलं ना.

जेवण झालं. भात नव्या तांदळाचा, जरा गिचका झाला. झिंगे बरे झाले. तो वाढत होता. आणखी घे म्हणाला, ती नको, पोट भरलं म्हणाली. तो अर्धा डाव तरी घे म्हणाला, तिनं ताटावर हात आडवा धरला. पाच ऐतवार दोघंही हेच बोलत आले होते, त्यामुळं कुठंही अडखळायला झालं नाही.

मग बोलणं निघालं. आत्याचा गुडघा. मामांचा बोअर. धाकट्या मावशीच्या सुनेचं माहेरी जाऊन बसणं. सगळी माणसं एकेक करून झाली अन् दीडच्या सुमारास संपली. ऐतवार म्हणून मिलही बंद. रोज जिच्यातून मशीनचा खडखड आवाज येतो ती भिंत गप होती. दुर्गेश नखानं बाजेची सुतळी खरडत होता. आठ दिवसांचं ते वाक्य जिभेवर आलं, अन् त्याला वाटलं की पाहुण्याला आल्या आल्या राहायचं कसं म्हणावं. जायच्या वेळी म्हणू.

चंचलनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं. दोघांनी एकमेकांना पाहताना पाहिलं.

"इथून जवळ आपलं कोन आहे?" तिनं विचारलं.

"आपलं कोनी नाही."

"ओळखीचं?"

"मुकडदम आहे. टिकाराम."

"चला मंग, जाऊन येऊ त्यायच्याकडं."

मोकळा ऐतवार हातातून सुटून राहिला, हे दुर्गेशला दिसत होतं. अन् तरी तो असा पटकन उठला की चपला उलट्या पायांत गेल्या. तिचाही चेहरा सैल झाला. निघताना तिनं कोनाड्यातला पुडा उचलून पिशवीत टाकला. रिकाम्या हातानं कसं जावं.

टिकारामच्या घरी एकच आनंद झाला. त्याच्या बायकोनं शेजारच्या दोघींना हाक मारली, या वं, नवी जोडी आली. दोघांना एकाच बाजेवर शेजारी शेजारी बसवलं. वैशाखानंतर लोकांनी त्यांना असं एकत्र पहिल्यांदाच पाहिलं असेल. अन् काय सांगावं, दोघंही लागले बोलायला. चंचलनं दवाखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, दुर्गेशनं मंडयांच्या. एकानं सुरू केलेली दुसऱ्यानं पुरी केली. शेजारीण म्हणाली, जोडा कसा शोभून राहिला. खोलीत जे तासभर सुचलं नव्हतं ते परक्याच्या अंगणात आपोआप सुचत होतं.

चहा झाला. टिकारामची बायको साखरेचा डबा घेऊन आली तेव्हा चंचलनं हात वर केला. त्यांना फिक्काच लागते, म्हणाली.

टिकाराम दुर्गेशबरोबर मिलमध्ये दिवसाला चार वेळा चाय पितो, अन् दुर्गेश साखर दोन चमचे जास्तीची मागून घेतो. त्यानं दुर्गेशकडं पाहिलं. बायकोनंही डबा तसाच उघडा धरून ठेवला.

"हो," दुर्गेश म्हणाला, "फिक्काच." अन् कपभर काढा तोंड वाकडं न करता पिऊन गेला.

ठेसनाकडं जाताना फटफटीवर त्यानं मागं मान न वळवता विचारलं की फिक्क्याचं तुला कोणी सांगितलं. आत्यानं, ती म्हणाली, लहानपणापासून गोड चायला हात लावत नाही म्हणे.

"तिसरीत होतो तवा कावीर झाली होती. तवापुरतं होतं ते."

रेल्वेचं फाटक बंद होतं. तो थांबला. मालगाडी मोठी होती, कोळशाची.

"मंग तिथं काऊन नाही सांगतलं?"

"तू सांगून राहिली होती ना."

डबे जात राहिले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं की मामानं तुम्हाला शिंगाड्याची गोष्ट सांगितली असेल. सांगितली, तो म्हणाला.

"थे मी नोहो. थे माही मोठी बहीन होती. मी त पान्याले भ्यायची. अजूनही भेते."

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले तरी दुर्गेशला गाडीला किक मारायला वेळ लागला. मामाकडून आणून जपून ठेवलेली एवढी एकच वस्तू होती, तीही दुसऱ्याची निघाली. पण पाण्याला भिते हे नवं होतं, अन् ते तिनं स्वतः सांगितलं होतं.

ठेसनावर गाडी वेळेवर आली. सुट्टीचं त्याला म्हणताच आलं नाही. ती पायरीवर चढली, मग वळून म्हणाली, "पुढच्या ऐतवारी माही क्वार्टरची जोडीदारीन गावाले जाऊन राहिली. तुमी या. शनिवारीच या." गाडी हलली तेव्हा तिनं दांडी धरली अन् जरा वाकली. "पन कोनाले सांगू नका."

शेवटचा डबा गेला, फलाट रिकामा झाला. दुर्गेश तिथंच उभा होता तेवढ्यात आईचा फोन आला. सुमित्रा आत्याच्या नातीचं बारसं आहे, पुढच्या ऐतवारी, दोघंही या.

दुर्गेश आईशी कधी खोटं बोलला नव्हता. मिलमध्ये काम आहे, तो म्हणाला.

"बरं मंग, चंचलले पाठव. ती त मोकरीच असंल."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "तिलेबी ड्यूटी आहे," तो म्हणाला.

धुरपताबाईच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"दोघंबी ड्यूटीवर," ती म्हणाली. "मंग लगन कायले केलं गा तुमी?"

दुर्गेशनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"विचारून सांगतो," तो म्हणाला.