बापूकाकांची पट्टी

गेल्या मार्गशीर्षात पाचोडला, एका लग्नानंतरच्या देवीच्या गोंधळात, आमच्या घरच्या दोन वाद्यांच्या तारा वाजता वाजता उतरल्या. दोन्ही सारख्याच उतरल्या. सकाळची वेळ होती, मांडवात भरपूर उजेड होता आणि खुंट्यांना कोणी हात लावला नव्हता.

मी छत्रपती संभाजीनगरला एका दैनिकात उपसंपादक आहे. चमत्काराच्या बातम्या टेबलावर येतात, त्या मी काढून टाकते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. शिवाय त्यात बहुतेक वेळा सांगणारा एक असतो आणि पाहणारा कोणीच नसतो. इथे मांडवभर माणसं होती, आणि रेकॉर्डिंग माझ्याच मोबाईलमध्ये आहे.

आमचं गाव पिशोर. देवीची आणि खंडोबाची गाणी घरात पिढ्यांपासून आहेत. वडील, म्हणजे अण्णा, गातात. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका तुणतुणं वाजवायचे. कौसाआत्या चौंडकं वाजवते. त्याची तार एका हाताने ताणून धरायची असते, जेवढा ताण तेवढा सूर चढतो. रजा मिळाली की मी एकतारी घेऊन बसते.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, आमच्याकडे तुणतुण्यावाला देतो. बापूकाका तार छेडायचे, आम्ही आपापली वाद्यं त्यावर लावायचो आणि अण्णा गायला लागायचे. कोणती पट्टी, हे कोणी विचारत नसे. बाहेरच्याने विचारलं तर अण्णा सांगायचे, काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी. वडिलांपासून काळी दोनच.

श्रावणात बापूकाका गेले. घरची रीत अशी की वाजवणारा गेला की त्याच्या वाद्याची तार उतरवायची आणि वर्षश्राद्धापर्यंत ते बांधून ठेवायचं. दहाव्याला अण्णांनी स्वतः तार सैल केली, तुणतुणं लाल फडक्यात बांधलं आणि काकूंच्या खोलीत खुंटीला टांगलं. अण्णा डावखुरे आहेत. त्यांची गाठ उलट्या वळणाची असते, घरात सगळ्यांना ओळखू येते.

तुणतुण्याला आता बापूकाकांचा मुलगा विलास बसला. तो वाळूजला कंपनीत कामाला आहे. त्याने नवं तुणतुणं घेतलं आणि मोबाईलमध्ये सूर दाखवणारं ॲप टाकलं. अण्णांना पट्टी विचारली, काळी दोन लावली. कौसाआत्या त्याला टोमणे मारायची... देवीला बोलवायचं ते बी मशीनीला इचारूनच का? विलास म्हणायचा, आत्या, मशीन खोटं बोलत नाय.

त्या पट्टीवर पहिला कार्यक्रम कन्नडजवळ झाला. देवीला हाक घालताना सूर वर न्यावा लागतो. तिथे अण्णांचा आवाज फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी हाक घातलीच नाही, नुसते शब्द म्हणून पुढे गेले. परतताना गाडीत अण्णा म्हणाले की पाचोडची सुपारी घेतलेली आहे, तेवढी करू. तिथंही हाक लागली नाही तर साहित्य देवघरात ठेवून द्यायचं. गाणी पूर्ण येणारं घरात दुसरं कोणी नाही. सगळं तिथेच थांबणार होतं.

पाचोडला विलासने ॲपवर काळी दोन लावली. मी एकतारी त्यावर मिळवली आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. गण झाला. अण्णा जपून गात होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. पुढच्या दोन गाण्यांत मला काही वेगळं जाणवलं नाही. मग हाक आली. मी मान खाली घातली.

हाक लागली. भरून, लांब, कुठेही न चिरता. बायका हात जोडून उठल्या. अण्णांनी ती पुन्हा घातली, आणि पुन्हा. शेवटी आरती झाली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. विलासने सवयीने मोबाईल तुणतुण्याजवळ धरला आणि माझ्याकडे पाहिलं. काळी एक दिसत होती, एक सूर खाली. माझ्या एकतारीवरही काळी एकच. चौंडक्याचं मोजता येत नाही. आत्या एवढंच म्हणाली, "माझा हात आपसूक ढिला पडत गेला. मी नाय सोडला."

उन्हाने तार उतरते, हे मला माहीत आहे. पण विलासचं तुणतुणं नवं, माझी एकतारी जुनी. तारांची जाडी वेगळी, खुंट्यांचं लाकूड वेगळं. रेकॉर्डिंग मी बऱ्याच वेळा ऐकलं. सुरुवातीला दोन्ही काळी दोनला आहेत, हाकेच्या वेळी दोन्ही काळी एकला. मध्ये कुठेही ती एकमेकांपासून सुटत नाहीत. शहरातल्या एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, कुणीतरी खुंटी फिरवली असंल, मॅडम.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी पिशोरला मी आणि विलासने मोबाईलमधले आमचे जुने कार्यक्रम काढून ॲपवर तपासले. सगळ्यांत जुना काळी दोनला आहे. त्यानंतर पट्टी दर वर्षी थोडी खाली आलेली दिसते. बापूकाकांच्या शेवटच्या कार्यक्रमात ती काळी एक आहे.

अण्णांना सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. आधी त्यांना पटेना. मग दोन रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकवली.

"माझा गळा उतरत चालला, तसा त्यो तार उतरवीत गेला," ते म्हणाले. "आन् मला कळू दिलं नाय."

कौसाआत्या म्हणाली, "कळलं असतं तर भांडला असतास, दादा."

"व्हय. भांडलो असतो."

थोड्या वेळाने त्यांनी विलासला सांगितलं की पुढच्या सुपारीला हो म्हण. मग उठून ते काकूंच्या खोलीत गेले. वर्ष झालं नव्हतं, तरी त्यांनी खुंटीवरून तुणतुणं काढलं. काकू दारात उभ्या होत्या. दहाव्यापासून फडक्याला कोणी हात लावलेला नाही, असं त्यांनी तेव्हा सांगितलं आणि नंतर मी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

गाठ उलट्या वळणाची होती. अण्णांनी ती सोडली. तार ताणलेली होती. विलासने मोबाईल जवळ धरला आणि अण्णांनी बोटाने ती एकदा छेडली.

काळी एक.