डॉक्टरच्या गिअरबॉक्सले निंबाची सावली

हसू नका, पण धम्मानंद डॉक्टरले मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मले त्याचे फक्त पाय दिसले होते. समोरच्या घरी नवीन भाडेकरू आले होते. फाटकापाशी एक बसकी लाल गाडी, अन् गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. मले वाटलं मिस्त्री आहे. घरातून बंद पडलेला मिक्सर आणला, त्या पायांजवळ ठेवला अन् म्हटलं, "तुझं झालं का हे पण पाहून देजो गा. चटणी अर्धी राहून गेली."

खालून आवाज आला, "ठेवा काकू."

संध्याकाळी ॲसिडिटीचं औषध आणाले चौकातल्या नवीन होमिओपॅथीवाल्याकडे गेली, तं टेबलामागे हाच बाबा! नखात काळं ग्रीस, बाजूले माझा मिक्सर. मले असं हसू सुटलं का ॲसिडिटी तिथंच पळाली. त्यानं आधी मिक्सर दिला, मंग साबुदाण्याएवढ्या गोळ्या.

मिक्सर काय नुसता सुधारला नव्हता, त्यात मोठी मोटर बसवली होती. "तुमची मोटर कमजोर होती काकू," म्हणते. आता मोटर विमानासारखी फिरे, पण भांड्याखालचं ते रबराचं फूल नसते का, मोटरीचा जोर भांड्याले देणारं, ते फाटलं. नवीन लावलं, तेही फाटलं. मी परत दवाखान्यात.

"जोर वाढवला अन् मधातलं फूल तेच ठेवलं, असं कसं गा?"

तो गालातल्या गालात हसला. "गाडीतही माझं हेच झालं आहे काकू."

झालं होतं असं. गाडी दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स कार. रोग्यांले थेंब मोजून औषध देणारा हा माणूस, इंजिनले मात्र त्यानं टर्बो लावून असा डोस पाजला का जोर जवळजवळ दुप्पट. गिअरबॉक्स मात्र जुनाच. रामटेकच्या गडावर, चढाच्या वळणावर, तिसऱ्या गिअरचे दाते गेले. यानं काय करावं? तसाच दुसरा गिअरबॉक्स आणून बसवला. तोही त्याच वळणावर गेला. दोन्ही वेळा लाल गाडी टेम्पोमागे दोरीनं बांधून गल्लीत आली, आतमध्ये डॉक्टर स्टिअरिंग धरून, नवरदेवासारखा गंभीर. शेजारची प्रेमिला तं लाटणं हातात घेऊनच पाहाले आली होती.

आता भांडणाचं. आमच्या गल्लीत निंबाचं झाड एकच, अन् त्याखाली आमच्या ह्यांची, गोपाळरावांची, स्कूटर. नागपूरच्या उन्हात गाडीले सावली म्हणजे काय असते, ते नागपूरवाल्यालेच विचारा. डॉक्टरच्या गाडीचा डॅशबोर्ड तडकला होता, छत पापडासारखं उलून राहिलं होतं. त्यानं हळूच म्हटलं, "काकू, एवढी सावली मले भेटली असती तं गाडी वाचली असती."

मी म्हटलं, "सावली चालत्या गाडीले भेटते. तुझी तं टेम्पोमागे चालते."

"अन् रामटेकचा गड चढून, आपल्या चाकांवर घरी आली तं?"

"तं सावली तुझी!" प्रेमिला तिथंच उभी होती. आता शब्द फिरवायची सोय नव्हती.

मंग सुरू झाला गिअरबॉक्सचा शोध. तेवढ्या दिवसांत माझ्या पुतणीचं लग्न ठरून लागलं पण. गॅरेजवाला जितेंद्र म्हणे, रेसचा घे, सरळ दात्यांचा, बापजन्मी तुटत नाही. डॉक्टर म्हणे, तो दिवसभर किंचाळते, अन् गिअर झटक्यानं पाडा लागते. इतवारीच्या बाजारात हातगाडीमागं सरकून राहिलो असलो तं काय करू? दुसरा होता एका डिझेल जीपचा. दणकट, पण ओझं ओढाले बनवलेला. त्याच्या वरच्या गिअरातही इंजिन उगाच बोंबलत राह्यलं असतं. शेवटी त्याले पसंत पडला एका मोठ्या पेट्रोल गाडीचा, सहा गिअरवाला. दाते रुंद, दांडा जाड. पण हा पठ्ठ्या लांब! गाडीची जमीन कापा लागली, तिथून मागच्या चाकांले जोर नेणारा फिरता दांडा आखूड करा लागला.

"एवढे घोडे झेपतील का गा त्याले?"

"घोडे किती ते गिअरबॉक्सले समजत नाही काकू. एका झटक्यात पीळ किती पडते, ते समजते."

"म्हणजे बोलणी खाऊन माणूस टिकते, टोमण्यानं मोडते."

"बरोब्बर. मले वाटलंच तुम्हाले समजंल."

यात टोमणा कोणाले होता, ते मी अजून पाहून राहिली आहे.

रविवारी मी स्वतः साक्षीले गाडीत बसली. बसली कशी ते विचारू नका, उतरली कशी ते प्रेमिला सांगंल. मांडीवर चिवड्याचा डबा. रामटेकच्या रस्त्यावर हा साठच्या वर जाईच ना. संत्र्यांचा टेम्पो पण आम्हाले हॉर्न देऊन पुढं गेला.

"एवढा जोर कोणासाठी ठेवला गा? नातवांसाठी?"

"गडासाठी."

गड आला. वळण आलं. भिंतीवर माकडं बसली होती, त्यांच्यासमोरच दोन्ही गिअरबॉक्स गेले होते. डॉक्टरच्या कपाळावर घाम. तिसरा गिअर टाकला अन् पाय दाबला. माझं डोकं मागं आपटलं, डब्याचं झाकण उडालं, चिवडा त्याच्या शर्टात गेला. त्याचं लक्षच नाही. तो कान लावून ऐकून राहिला होता. कडकड नाही, काही नाही. गाडी सरळ वर.

वर पोचलो तं यानं गाडी वळवली अन् परत खाली!

"अगा, दर्शन?"

"एकदा चढली ते नशीब काकू. परत चढली तं गिअरबॉक्स."

परत चढली. तेव्हा कुठं रामापुढं उभी राहाले भेटलं. मी हात जोडले, डॉक्टर शर्टातले शेंगदाणे वेचून राहिला होता.

संध्याकाळी गल्लीत आलो, आपल्या चाकांवर. निंबापाशी गाडी थांबली अन् मले एकदम त्या सावलीची माया आली. मी म्हटलं, "पण मी सोबत होती म्हणून चढली. अन् स्कूटर आधीपासूनची आहे, मान तिचाच."

गोपाळराव पण बाहेर येऊन म्हणे, "हो नं! जागा जुनीच आहे आमची."

डॉक्टर भांडला नाही. हळूच म्हणे, "ठीक आहे. सावली चालत्या गाडीले, काकूंचाच नियम. काका, एक किक मारा. सुरू झाली तं मी उन्हात उभी करतो."

ह्यांनी धोतर खोचावं तसा पायजमा वर ओढला अन् मारली किक. मंग अजून मारल्या. स्कूटर खोकली पण नाही. डिक्कीतून एक खार मात्र निघाली अन् झाडावर पळाली. प्रेमिला पदर तोंडाले लावून हसून राहिली होती.

डॉक्टरनं स्कूटर स्वतः ढकलत आमच्या फाटकाच्या आत आणली, नीट स्टँडवर लावली, लाल गाडी निंबाखाली घेतली. अन् जाता जाता मले म्हणते,

"काकू, हिचं इंजिन जरासं मोठं करून देऊ का?"