तीस हजार एकतीस

मुलांनो, आधी ही संख्या कशी झाली ते सांगते. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. तुम्ही प्राइम म्हणता. पहिल्या सहा मूळ संख्या २, ३, ५, ७, ११, १३. त्यांचा गुणाकार ३००३०. त्यात एक मिळवायचा.

हा माझ्या दादाचा उद्योग. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगावातल्या मोर्च्यात त्याच्या डोक्यावर लाठी बसली आणि काही महिन्यांत दोन्ही डोळे गेले. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुटलं. ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीत खाटेवर पडून तो मनात गुणाकार करी. दोनपासून ओळीने मूळ संख्या गुणून एक मिळवला की उत्तरही मूळच येतं, असं त्याला वाटू लागलं. ७, ३१, २११, २३११ सगळ्या तशाच निघाल्या. आता ३००३१ निघाली की प्रोफेसरांना कळवायचं. डोळ्यांवाचून गणित जमतं हे पटलं, तर ते कॉलेजात परत घेतील. दुसरी आशा त्याला नव्हती.

मी अकरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. दादा भाजक सांगे, मी पाटीवर भागाकार करी.

"हं, एकोणसाठ."

मी ६९ लिहिले. "बाकी सोळा."

"यानेही भाग जात नाही! आता एकसष्ट."

एकोणसत्तरानंतर एकसष्ट कसे, हे मला खटकलं नाही. एकशे त्र्याहत्तरपर्यंत पोचलो. पुढच्या मूळ संख्येचा वर्गच ३००३१ हून मोठा, म्हणून त्यापुढे बघण्याची गरज नव्हती. दादाने त्याच दिवशी पत्र सांगितलं, मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

उत्तराचं कार्ड आठवड्याने आलं. मी वाचलं, "थर्टी थाउजंड थर्टी-वन म्हणजे फिफ्टी-नाइन गुणिले फाइव्ह हंड्रेड नाइन. प्रकृतीस जपावे." कॉलेजचा त्यात शब्द नव्हता.

"एकोणसाठ?" दादा उठून बसला. "त्याने तर सोळा उरले होते."

"एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी-नाइन ना रे?"

तो हसला, ते हसणं मला नको होतं. "मराठीसाठी डोळे घालवले, मडमे, आणि घरात एकोणसाठ कळेना!"

मी रडू लागले.

"रडू नकोस. तू बरोबर भागलं असतंस तरी नियम खोटाच होता. फक्त ते इथे, आपल्या दोघांत कळलं असतं."

त्याच्यासाठी काहीतरी उरावं म्हणून मी एकटीने पुढची संख्या घेतली. सतराने गुणून एक मिळवला: ५१०५११. एकोणीसने पूर्ण भाग गेला. दादाने विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीत मी कित्येक दिवस काढले.

त्याने विचारलं नाही. त्या कार्डानंतर त्याने माझ्याकडून एकही भागाकार करून घेतला नाही.